आम्ही हरलो

९ फेब्रुवारी

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, सामना तोंडावर आला तरी तुमची धमकी आली नाही. एरवी महिनाभर आधीपासून तुमची कार्डं सुरू होतात. नदीकाठच्या कॉलेजने बास्केटबॉल सोडून पोहायला शिकावं, एवढ्या उंचीची मुलं खांब रंगवायला पाठवावीत, वगैरे. यंदा चिडीचूप. तुमच्या टेकडीवरच्या कॉलेजवाल्यांचं धाबं दणाणलं असावं, अशी गॅलरीत चर्चा आहे. आमचा कंपाउंडर म्हणतो, चष्मेवाल्यांनी अखेर स्वतःच्या दुकानातला चष्मा लावून स्वतःची टीम पाहिली असेल.

शनिवारी, वीस तारखेला, आमच्या हॉलमध्ये सामना आहे. तुम्ही गाव सोडून दुकान तिकडे नेलंत त्यानंतर इथे काडीचा फरक पडलेला नाही. पत्रे तसेच वाजतात, बाकांच्या फळ्या तशाच पँटी फाडतात. स्कोअरबोर्डवरच्या शेवटच्या आकड्यातले डावीकडचे दिवे अजून लागत नाहीत, त्यामुळे आठाचा तीन दिसतो. खेळाडू मात्र बदलले आहेत. आम्हाला एक बुटका पोरगा मिळालाय, सगळे त्याला भिंगरी म्हणतात. चेंडू त्याच्या हातात आला की समोरच्याला आपले पाय कुठे आहेत हे आठवावं लागतं. तुमच्या त्या डावखुऱ्याला म्हणावं, बूट घट्ट बांधून ये.

अकरा वर्षं झाली भावोजी, शरणपत्र मीच लिहितोय. अटी पाठ आहेत. हरलेल्याने पत्र स्वतःच्या हाताने लिहायचं, सबब सांगायची नाही, आणि ‘आम्ही हरलो’ हे दोन शब्द स्वच्छ अक्षरात आले पाहिजेत. एका वर्षी मी ‘नशिबाने साथ दिली नाही’ असं लिहिलं, तर नशीब नक्की कुठल्या जागी खेळतं असं समासात लाल शाईने विचारून तुम्ही पत्र परत पाठवलंत! मग पुन्हा लिहिलं, तेव्हा कुठे तुमची एका ओळीची पोच आली: शरणागती मंजूर. ती ओळ मला एकदा लिहायची आहे. ड्रायव्हिंग शिकवून शिकवून अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक मारण्यात गेलं. एकदा तरी मोकळा रस्ता मिळू दे.

ताईला नमस्कार. यंदा लोभ थोडा कमी असला तरी चालेल, शरणपत्र मात्र वेळेवर यावं.

तुमचा मेहुणा,
भुंग्या

---

१३ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मी ते यांना वाचून दाखवलं. खांब रंगवायची आठवण ऐकून हसले आणि मग हसण्यानेच दमले. त्यांना पत्र वाचून दाखवावं लागतं, एवढ्यावरूनच तुला काय ते कळलं असेल. तुला सांगायचं नाही असं त्यांनी बजावलं होतं. सामन्याच्या आधी प्रतिस्पर्ध्याचा उत्साह घालवणं खिलाडूपणाला धरून नाही म्हणे. पण तू माझा पाठचा भाऊ. तुला नाही तर कोणाला सांगू?

पोटातलं दुखणं आपण समजत होतो तसलं नव्हतं. दिवाणखान्यातली खाट खिडकीशी सरकवली आहे. दुकान बंद आहे, काचा घासायचं यंत्र झाकून ठेवलंय. डॉक्टर आता औषधाचं फारसं बोलत नाहीत, आराम कसा पडेल एवढंच बोलतात. एवढी वर्षं शाळेत भाषा शिकवली, पण न बोललेल्या शब्दाचा अर्थ इतका स्पष्ट कधी कळला नव्हता.

तू लगेच निघशील, मला माहीत आहे. निघू नकोस. सामना बघ. दर वर्षी सगळा सामना तुझ्या पत्रातूनच यांना दिसतो. जिंकल्यावरसुद्धा विचारतात की भुंग्या केव्हा गुणगुणायला लागला. अटीतटीची वेळ आली की तू तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज काढतोस आणि पुढच्या बाकावरचे वळून बघतात, ते त्यांना फार आवडतं. त्यांना पहिल्यांदा तू दिसलास तोही तसाच. मी तुमच्या दोघांच्या मधे बसले होते आणि मला दोन्हीकडून धक्के बसत होते. मुलगा चांगला आहे पण टेकडीवाला आहे, असं म्हणत बाबा आठवडाभर येरझाऱ्या घालत होते, आठवतं?

फोन करू नकोस. फोन त्यांच्या उशाशी आहे आणि मला त्यांच्यासमोर धड खोटंही बोलता येत नाही, धड खरंही. पत्रच लिही. जिवाला जप, आणि माझ्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई

---

२१ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, आपण जिंकलो!

हे लिहिताना लाज वाटते आहे आणि हात थांबत नाही. तुझं पत्र खिशात घेऊनच गेलो होतो. पहिला अर्धा वेळ मी नुसता बसून होतो. शेजारी कंपाउंडर घसा फोडत होता, त्याने दोनदा विचारलं की माझं दुखतंय कुठे. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानेही ओरडणं थांबवलं असतं, आणि ते भावोजींना आवडलं नसतं.

पण मग सामना असा काही रंगला की माझं मला कळलं नाही, मी केव्हा उभा राहिलो. शेवटच्या मिनिटाला ते एका गुणाने पुढे होते. चेंडू डावखुऱ्याकडे. त्याला नुसता वेळ काढायचा होता. एवढ्यात भिंगरी खालून आला आणि मधल्या रेषेवर त्याच्या हातातून चेंडू काढून सुटला. पुढे कोणी नव्हतं. उडी मारून त्याने चेंडू बोर्डावर टेकवला. चेंडू रिंगवर फिरला, पुन्हा फिरला, थांबतो की काय असं वाटलं आणि आत पडला. त्याच क्षणी शिट्टी. अठ्ठावन्न–सत्तावन्न! आता गंमत ऐक. आपल्या त्या अर्धवट स्कोअरबोर्डवर अठ्ठावन्नचे त्रेपन्न दिसत होते. गॅलरीतली नवी मंडळी डोक्याला हात लावून खाली बसली आणि टेकडीवाले पाहुणे नाचायला लागले. आम्ही जुने लोक मधे उभे राहून दोघांनाही खरं काय ते सांगत होतो आणि कोणीच ऐकत नव्हतं. पंचाने आपल्या बाकाकडे हात केला तेव्हा कुठे उलटी वरात फिरली. कंपाउंडरने मला उचललं. मला! एवढ्या वजनाच्या माणसाला!

घरी आल्यावर मात्र मजा वाटेना. हे सगळं ज्याला सांगायचं तो माणूस खाटेवर आहे. अकरा वर्षं वाट पाहिली आणि जिंकायला हीच वेळ मिळाली. तरी सुद्धा त्यांना वाचून दाखव. चिडले तर बरंच आहे, चिडण्याने माणसाला जोर येतो. शरणपत्राचं म्हणशील तर तू दोन ओळी लिही त्यांच्या नावाने, अट मी शिथिल करतो. या वाक्यावर ते नक्की उठून बसतील.

कसे आहेत ते कळव. गाडीत बसून लिहितोय, शिकाऊ बाई यायच्या आहेत. त्या आल्या की क्लच आणि मी दोघेही रडणार. तुझी माया आहे तेवढ्यावर चाललंय.

तुझा,
भुंग्या

---

२४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र एकटा असताना वाच, आणि वाचून माझ्यावर रागावलास तरी शेवटपर्यंत वाच.

शनिवारी संध्याकाळी यांना इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे सामन्याच्या वेळी ते झोपले. मी रेडिओ स्वयंपाकघरात नेला आणि अगदी बारीक आवाजात, कान लावून सामना ऐकला. तुझी बहीण आहे मी. भिंगरीचा चेंडू आत पडला तेव्हा मी तोंडावर हात दाबून उडी मारली, ओट्यावरचं पातेलं खाली आलं. त्या आवाजाने हे जागे झाले. मी हसतच आत गेले. त्यांनी डोळे उघडले, माझा चेहरा पाहिला, आणि विचारलं की कोण जिंकलं. भुंग्या, त्यांच्या त्या डोळ्यांकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं की तुम्ही जिंकलात.

तुला कसं सांगू काय झालं ते. त्यांनी दोन उशा मागितल्या. टेकून बसले. भूक लागली म्हणाले. किती दिवसांनी हा शब्द मी ऐकला! डॉक्टर आले तर त्यांनाही सांगितलं की बारावं वर्ष. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्यांनी अभिनंदन केलं. आता मी कोणत्या तोंडाने सांगू की मी त्या स्कोअरबोर्डसारखी वागले?

तुझं पत्र काल आलं. शिवणयंत्राच्या खणात ठेवलंय, आणि त्या खोलीतून जाताना उगीच पाय हळू टाकते. इकडे हे रोज विचारतात, भुंग्याचं शरणपत्र आलं का. पोस्टमन पुढे गेला की म्हणतात, उशीर करतोय लबाड, शब्द जुळवत असेल.

मी काय मागते आहे ते मला कळतं. अकरा वर्षं तू ज्याची वाट पाहिलीस तेच मी तुझ्याकडून मागून घेते आहे. पण अकरा लिहिलीस, भुंग्या, आणखी एक लिही. नेहमीसारखं लिही. मग ये, पत्राच्या मागोमाग ये. हरलेला म्हणून ये.

आई असती तर तिने मला दोन धपाटे घातले असते आणि तुला समजावलं असतं. आता दोन्ही कामं तूच कर. थोरल्या बहिणीला सांभाळून घे.

तुझी,
ताई

---

२६ फेब्रुवारी

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, क्षमा असावी. चार कागद फाडले. पराभवाने माझं अक्षर बिघडलंय असं ताई म्हणेल, तर तिला सांगा की ते आधीपासूनच बिघडलेलं आहे.

तर ऐका. नदीकाठच्या कॉलेजची यंदाही धूळधाण झाली. शेवटच्या मिनिटापर्यंत आमचा एक गुण जास्त होता, हे मी सबब म्हणून सांगत नाही, तुमचा आनंद वाढावा म्हणून सांगतो. चेंडू आमच्या भिंगरीकडे होता. बेटा शहाणपणा करून वेळ काढत बसला. एवढ्यात तुमचा डावखुरा खालून आला आणि मधल्या रेषेवर त्याच्या हातातून चेंडू काढून सुटला. पुढे कोणी नव्हतं. चेंडू रिंगवर फिरला, पुन्हा फिरला, थांबतो की काय असं वाटलं आणि आत पडला. अठ्ठावन्न तुमचे, सत्तावन्न आमचे. आमचा स्कोअरबोर्ड तुमचे त्रेपन्न दाखवत होता म्हणून आमची नवी पोरं नाचायला लागली. त्यांना थांबवून खरं सांगायचं काम माझ्यावर आलं. इतकं वाईट काम मला कधी पडलं नव्हतं.

मी गुणगुणायला केव्हा लागलो हे तुम्ही विचारणारच. यंदा गुणगुणलो नाही. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला की हा गप्प का.

कंपाउंडर म्हणतो, टेकडीवाल्यांच्या पाण्यातच काहीतरी असलं पाहिजे. मी म्हटलं, पाण्यात नाही, त्यांचा एक चष्मेवाला आहे, तो लांबून नजर लावून बसतो. तुम्ही तशीच नजर ठेवा भावोजी. अजून पुष्कळ वर्षं ठेवा. हवं तर मी दर वर्षी असं पत्र लिहीन, माझी काही तक्रार नाही. लाल शाई तयार ठेवा, चुका काढा, पत्र परत पाठवा, पण पाठवा.

नियमाप्रमाणे दोन शब्द लिहायचे राहिले, ते इथे स्वच्छ अक्षरात लिहितो. आपण हरलो.

पोच द्यावी. रविवारी मी येतोच आहे, समोर उभं करून हसलात तरी चालेल. लोभ आहेच, तो कुठे जाऊ देऊ नका.

तुमचा पराभूत मेहुणा,
भुंग्या

---

२७ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणते. हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, त्यात तुला सांगायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी टाळलं. यांची तशी आज्ञाच होती की सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर सांग. आता माणसं पांगली आहेत. खाट होती त्या जागी जमिनीचा रंग वेगळा दिसतो.

भुंग्या, त्यांना माहीत होतं.

तुझं शरणपत्र आलं त्या दिवशी मी मोठ्याने वाचलं. डावखुरा, भिंगरी, सगळं ऐकताना ते नुसते फुलले होते. मी अगदी ठसक्यात तुझे शेवटचे दोन शब्द वाचले, आणि ते थांब म्हणाले. पुन्हा वाच म्हणाले. मी पुन्हा वाचलं, आपण हरलो. तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग कागद हातात घेतला, भिंग मागवलं, आणि स्वतः पाहिलं. मला काही उमगेना. मग म्हणाले, मास्तरीणबाई, एवढी वर्षं मुलांना व्याकरण शिकवलंत आणि घरातलं सर्वनाम कळलं नाही? अकरा पत्रं आहेत कपाटात, प्रत्येकात ‘आम्ही’ लिहिलंय. आम्ही हरलो म्हणजे ते हरले, मी त्यात नाही. आज पहिल्यांदा त्याने मला आत घेतलंय. म्हणजे हरलोय मी, आणि रडतोय तो.

मी तिथेच खाली बसले. म्हटलं मला शिक्षा करा. ते म्हणाले, आधी खरं पत्र आण, ते नक्की शिवणयंत्रात आहे, इतके दिवस तू तिथून मांजरीसारखी जातेस. मी आणलं, वाचलं. भिंगरीच्या त्या चेंडूवर त्यांनी वा म्हटलं. प्रतिस्पर्ध्याला वा म्हणताना मी त्यांना एवढ्या संसारात ऐकलं नव्हतं. कंपाउंडरने तुला उचललं ते दोनदा वाचायला लावलं. मग डावखुऱ्याला शिव्या घातल्या, त्या मी लिहीत नाही.

मी म्हटलं, भुंग्या आला की त्याला सांगून टाकू. तर ठाम नाही म्हणाले. म्हणाले, त्याने त्याची जिंकलेली मॅच मला दिली आहे. ही वस्तू परत करायची नसते.

म्हणून तू आलास तेव्हा ते तसे वागले. तुला खाटेपाशी उभं केलं, हात जोडायला लावले, आणि शरणागती मंजूर म्हणून आशीर्वाद दिला. तू मान खाली घालून हरलेल्यासारखा उभा, आणि ते जिंकल्यासारखे मिशीत हसत. मी दारात उभी राहून दोघांची सोंगं बघत होते. पाणी आणते म्हणून आत गेले आणि नळ सोडून रडले. त्या दोन दिवसांत ते जेवढं बोलले तेवढं नंतर बोलले नाहीत. तू गाडीत बसलास आणि त्यांनी दोन्ही उशा काढायला सांगितल्या.

सोबतचा कागद त्यांचा आहे. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिला. मी लिहून देते म्हटलं, तर म्हणाले अट अट आहे, भुंग्याने शिथिल केली असली तरी मी सवलत घेत नाही. मी फक्त पाटी धरली. दोन शब्दांना बराच वेळ लागला, मधे एकदा पेन पडलं. वर ‘चि. भुंग्यास’ लिहायचं होतं, ते जमलं नाही, ते तू आहे असं समज.

आता मला तुझ्याशिवाय माहेर नाही आणि इथे यांच्याशिवाय सासर नाही. पत्रं थांबवू नकोस. सामन्याबद्दल लिही, शिकाऊ बाईंबद्दल लिही, काहीही लिही. माझ्यावर माया ठेव.

तुझी,
ताई

(सोबतचा कागद)

आम्ही हरलो.
पोच द्यावी.

---

३१ मार्च

ती. स्व. भावोजींस,
सा. न. वि. वि.

ताईच्या पत्त्यावर पाठवतोय, ती वाचून दाखवील. तुमच्या नावामागे कै. लावायला हवं, असं कंपाउंडर म्हणाला. मी लावलं नाही. तुम्ही लाल शाईने खोडलं असतंत.

तुमचं शरणपत्र पोचलं. गाडीतच उघडलं. शिकाऊ बाई शेजारी होत्या, त्यांनी आपणहून गाडी कडेला घेतली आणि पहिल्यांदाच ती बंद न पाडता उभी केली. त्यांना शाबास म्हणायचं राहून गेलं, उद्या म्हणेन.

भिंग घेऊन कागद तपासला, तुमच्याकडूनच शिकलोय. अक्षर वाकडं आहे, ‘आ’चा काना खाली घसरलाय. पण पत्र स्वतःच्या हातचं आहे, सबब कुठेही नाही, दोन्ही शब्द स्वच्छ वाचता येतात. माझ्या पत्रात एक चुकला होता, तो तुम्ही पकडलात, आणि माझ्यासमोर बसून दोन दिवस तोंडातून ब्र काढला नाहीत. मी इकडे हरल्याचं सोंग आणताना स्वतःवर खूश होत होतो. या खेळातही तुम्हीच पुढे निघालात.

पोच मागितली आहे. ती ओळ लिहायला मी अकरा वर्षं थांबलो होतो. काल बसलो, कागद सरळ केला, पेन झाडलं, आणि लिहवेना.

शरणागती नामंजूर.

तुमचे दोन शब्द दुरुस्त करून परत पाठवतोय, लाल शाईने. पहिला खोडलाय आणि वर माझा लिहिलाय. आपण हरलो, भावोजी.

तुमचा,
भुंग्या